बैराग्याचा वास

अण्णा, तुझ्या तेराव्याला देवगावच्या घरात एवढा ऊद जाळला, की वहिनीच्या माहेरची माणसं खोकत खोकत अंगणात जाऊन बसली. "शकूबाई, खिडकी उघडा बया, नाक झोंबायलंय नुसतं," वहिनीची थोरली बहीण म्हणाली. मी खिडकी उघडली. धूर मला दिसत होता, डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, पण वास येत नव्हता. तुझ्या फोटोचा हार नीट करायच्या निमित्तानं मी झेंडूत नाक खुपसलं. काही नाही. स्वयंपाकघरात गेले. तिथं आमटीला फोडणी पडत होती, आचारीण शिंकत होती, आणि मी आपली कोऱ्या नाकानं उभी.

तू असतास तर हसला असतास. "आली, शकूची पाल आली!" शंकेची पाल चुकचुकते ती माझ्याच मनात, आणि दिवसातून चार वेळा, असं तू लहानपणापासून म्हणत आलास. एसटी उशिरा आली की माझ्या डोळ्यांसमोर अपघात. कुणाचा फोन लागला नाही की दवाखाना. रडून रडून नाक चोंदलं असेल, एवढं मलाही कळत होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं सर्दीची गोळी हातावर ठेवली असती. पण अण्णा, तुझं सगळं नाकापासूनच सुरू झालं होतं ना. म्हणून त्या दिवशी पंगत वाढताना माझे हात कापत होते, आणि लोकांना वाटलं, बहिणीला दुःख आवरत नाही. दुःख होतंच. पण त्या घटकेला हात कापत होते ते भीतीनं, हे तुला सोडून मी कुणाला सांगू?

तुझ्या नाकाची ख्याती पंचक्रोशीत होती. देवगावात तुझं बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. मी सुट्टीत शहरातून आले की दाराशीच माझं डोकं धरायचं, एवढा तो औषधांचा दर्प. वहिनी त्यातच पोळ्या लाटायची, आणि छोटी वैशाली खताच्या पोत्यावर पालथी पडून पाढे लिहायची. तुम्हाला कुणालाच त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाईक यायचं ते मोकळ्या हातानं येत नसे. कुणी काडेपेटीत, कुणी रुमालाच्या गाठीत, कुणी गुटख्याच्या रिकाम्या पुडीत किडा घेऊन यायचं.

"अण्णा, ह्यो बघा. लई झालाय. एखादं जालीम औषध द्या."

"आधी पाव्हणा कोण हाय ते तर बघू दे."

आणि बघायच्या आधी तू ती काडेपेटी, न उघडता, नाकाशी धरायचास. "कोथिंबीर. हिरवा ढेकूण हाय तुझा. तुरीवरून आणलास ना?" समोरचा माणूस थक्क व्हायचा. पेटी उघडली की आत खरोखर हिरवागार, पाठीवर ढाल घेतलेला ढेकूण पाय खाजवत बसलेला असायचा. त्या दर्पात तुला कोथिंबिरीचा वास वेगळा कसा काढता येतो, हे मला कधी कळलं नाही. "लग्नाच्या मांडवात आई आपल्या पोराचं रडणं बरोबर वळखतीच की," तू म्हणायचास.

ढेकूण म्हटलं की लोकांना गादीतलाच आठवतो. तू मला शिकवलंस की त्याचं गोत केवढं मोठं आहे. कपाशीवरचे लाल ढेकूण, पानामागचे तुडतुडे, दांड्यावर पिठासारखे चिकटलेले पिठ्या ढेकूण, मावा, विहिरीच्या पाण्यावर पळणाऱ्या निवळ्यासुद्धा. "ज्याला चावायला तोंड नाय, नुसती नळी हाय, तो आपला," ही तुझी व्याख्या. सगळे रस पिणारे. त्यातल्या ढालवाल्यांवर तुझा विशेष जीव. त्यांच्या अंड्यांना झाकणं असतात हे तू मला भिंगातून दाखवलंस, तेव्हा मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई होते आणि पोरीसारखी ओरडले होते. पानाच्या पाठीवर इवल्या इवल्या रांजणांची ओळ, प्रत्येकावर गोल झाकण, आणि पिल्लं बाहेर आलेल्या रांजणांची झाकणं उघडी.

दुकान दुसऱ्याला देऊन टाकलंस आणि तुझे रविवार मोकळे झाले. तू देवगावहून एसटीनं निघायचास, मी शहरातून. दौलताबाद दोन्हींच्या मध्ये पडतं. किल्ल्याकडे जाणारी माणसं एका बाजूला, आणि आपण दोघं म्हातारे टेकडीच्या मागच्या उतारावर, रुई आणि टणटणीत वाकलेले. एकदा शाळेच्या सहलीतल्या मास्तरांनी आपल्याला विचारलं होतं, काही हरवलंय का म्हणून. "व्हय, ढेकूण हरवलाय," तू गंभीरपणे सांगितलंस. ते बिचारे पोरांना घेऊन घाईनं पुढं गेले.

"आयुष्यभर ह्यांना मारायचं औषध विकलं," तू मला पहिल्याच रविवारी म्हणालास. "आता नुसतं बघणार."

"प्रायश्चित्त का?"

"नाय गं. वेळ मिळालाय."

आपला नियम ठरला होता. मारायचं नाही, घरी न्यायचं नाही, आणि नाव ठेवायचं ते नाकानं. मी डोळे मिटायचे, तू बोटावर किडा घेऊन माझ्या नाकाखाली धरायचास. कोथिंबिऱ्या तर मला लगेच यायला लागला. एकाला रॉकेलचा वास, तो रॉकेल्या. मोगली एरंडावरचा तो चमचमता हिरवा, निळ्याकाळ्या ठिपक्यांचा, त्याला आंबट कैरीसारखा वास यायचा, पण त्याचं नाव मात्र डोळ्यांनी ठेवलं. पैठणी. मी चुकले की तू दिवसभर चिडवायचास. परत जाताना हाताचा वास जायचा नाही आणि एसटीत शेजारची बाई तोंड वळवून बसायची. मला त्या दिवसांत कसली म्हणजे कसलीच काळजी वाटत नसे, अण्णा. ही गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. तिथं उतारावर माझी पाल झोपलेली असायची.

मग तो बैरागी भेटला.

आश्विन होता, सीताफळांना डोळे पडले होते. एका जुन्या खोडावर तू बराच वेळ नुसता बघत उभा राहिलास. मला आधी काही दिसेना. मग सालीचाच एक तुकडा चालायला लागला. राखाडी, खरबरीत, अंगाला राख फासल्यासारखा ढालवाला. आपण दोघांनी तो आधी कधी पाहिला नव्हता. तू त्याला अलगद बोटावर घेतलंस, नाकाशी धरलंस, पुन्हा धरलंस. तुझा चेहरा उजळला.

"शकू, ह्याला वासच नाय!"

"दाखव."

तू माझ्यापुढं बोट धरलंस. मला असा भपकारा आला की मी मागं सरकले. कुजक्या कडू बदामासारखा, तिखट, डोक्यात जाणारा.

"अगं माय! केवढा घाण येतोय!"

"नाय येत. तुझ्या हाताला मघाचा कोथिंबिऱ्या लागलाय."

तू मला मातीनं हात घासायला लावलेस, बाटलीतलं पाणी ओतलंस, पदराला पुसू दिलं नाहीस. पुन्हा हुंगायला लावलंस. पुन्हा तोच भपकारा. तू मान हलवलीस. "बैरागी हाय तो. सगळं सोडलंय त्यानं. वास कशाला ठेवील?" मला हसू आलं, पण मी हट्टाला पेटले. तूही पेटलास. टेकडी उतरून, रस्ता ओलांडून, थांब्यावर बसून आपण भांडत होतो. शेवटी एसटीच्या पायरीवर चढताना तू वळून म्हणालास, "शकू, खरं सांगू का? तुझं नाक रिटायर झालंय. त्याला नसलेले वास यायलेत."

ते तू थट्टेत म्हणालास की काय, मला माहीत नाही. पण मी ते वाक्य घरी घेऊन आले. घरात मी एकटी, विचारणार कुणाला? रोज सकाळी हिंगाची डबी उघडून हुंगायला लागले. शेजारच्या काकूंना दूध दाखवून विचारायचे, "आंबलंय का हो?" त्या हुंगून म्हणायच्या, "नाही, ताजं आहे," आणि मला वाटायचं, मग मला आंबट का येतोय? एकदा गॅस सुरू राहिल्याचा वास आला म्हणून मी अर्धी इमारत खाली उतरवली. गॅस बंद होता. तुला फोनवर सांगितलं तर तू हसलास. पण नेहमीसारखा नाही. थोडा उशिरा.

त्यानंतर डोळे मिटायचा खेळ तू खेळलाच नाहीस. तेव्हा मला ते जाणवलं नाही. उलट तू किडा माझ्यापुढं धरायचास आणि म्हणायचास, "सांग बघू, काय येतंय?" आणि मी सांगितलं ते मुकाट मान्य करायचास. मला वाटलं, बढती मिळाली. गुरूनं नाक माझ्या हवाली केलं. मी किती फुशारले होते! घरी येऊन काकूंना सांगितलं, आमचे अण्णा आता मला विचारतात. फक्त बैराग्याच्या बाबतीत तू हटत नव्हतास. दर वर्षी आश्विनात तो सीताफळाच्या खोडावर दिसायचा आणि आपला तोच वाद.

"येतो."

"नाय येत."

"अण्णा, येतो रे!"

"बैरागी हाय तो."

पुढं तुझं अक्षर बारीक झालं. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर तू माझं नाव लिहिलं होतंस ते मुंगीएवढं. उतारावर तुझी पावलं अडखळायला लागली, डावा हात मांडीवर आपला आपण हलायचा. वहिनी मागं लागली म्हणून आपण शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि मग सहज विचारलं, "वास येतो का नीट?"

"येतो की," तू म्हणालास.

"काय येतो!" वहिनी म्हणाली. "परवा दूध करपून भांडं काळं पडलं, हे शेजारच्या खोलीत बसलेले. ह्यांना पत्ता नाय. लई दिवसांचं हाय हे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कंपवातात पुष्कळांचा वास असाच आधी जातो, हात कापायच्या कितीतरी आधी. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या खोलीत आपल्या दोघांनाच माहीत होतं की आत्ता कोणता वाद निकालात निघाला. मी जिंकले होते, अण्णा. येताना रिक्षात तू सीताफळाच्या भावाबद्दल बोलत राहिलास. मीही भावाबद्दलच बोलले.

फवारणीच्या औषधांमुळं झालं का, हा आपला दुसरा वाद. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असू शकतं, पण एकेका माणसाबद्दल तसं ठामपणे सांगता येत नाही. तू उडवूनच लावलंस. "मग सगळ्या गावालाच व्हाया पाहिजे. समदेच फवारतेत." मी त्या दोन खोल्यांचं नाव काढलं, पोत्यांचं काढलं. वहिनी, वैशाली, सुट्टीत येणारी मी. एरवी तू माझं सगळं ऐकून घ्यायचास. त्या दिवशी मात्र आवाज चढवलास. "शकू, हे परत बोलायचं नाय. पोरीसमोर तर अजिबात नाय." हा वाद आता असाच अर्धा राहील.

शेवटच्या दोन पावसाळ्यांत तुला उतार झेपेना. मग मीच तुझं गिऱ्हाईक झाले. देवगावला येताना वाटेत उतरायचे, काडेपेटीत पाहुणे घालून आणायचे, आणि तुझ्या खाटेशी बसून म्हणायचे, "अण्णा, लई झालाय. जालीम औषध द्या." घरी न्यायचं नाही हा नियम आपण मोडला, पण परत जाताना मी त्यांना बांधावर सोडायचे. तू भिंग धरायचास, भिंग थरथरायचं, मी तुझं मनगट धरायचे. मग किडा नीट दिसायचा. तू विचारायचास, "वास?" मी सांगायचे, "कोथिंबीर." तू डोळे मिटून ऐकायचास. जेवल्यासारखा तुझा चेहरा व्हायचा.

गेल्या आश्विनात मी बैरागी आणला. मुद्दामच. मला वाटलं, आज बोलू. आज तू म्हणशील, शकू, तुझंच खरं होतं. मग मी विचारीन, तुला कधी कळलं रे? त्या पहिल्या दिवशी झाडाखाली कळलं होतं का? की एसटीत? मला 'नाक रिटायर झालं' म्हणालास तेव्हा तुला ठाऊक होतं का, की रिटायर कुणाचं झालंय? मला राग नव्हता, अण्णा. मला फक्त हे हवं होतं, की तू ती भीती एकट्यानं बाळगली नसावीस. माझ्यासारखी बाई, जिला भीतीची एवढी सवय, ती तुला घटकाभर तरी उपयोगी पडली असती.

तू भिंगातून त्याला पुष्कळ वेळ पाहिलंस. तोंडातून शब्द फुटायला आता उशीर लागायचा.

"ह्याला," तू म्हणालास, "वास नाय."

आणि हसलास. गालाची कातडी हलत नव्हती, पण डोळे हसले. मी म्हणाले, "येतो." काडेपेटी बंद केली. वहिनीनं चहा आणला.

तेराव्यानंतर मी शहरात परतले ती हिंगाच्या डबीकडेच. वास आला. मग वाटलं, आला की आठवला? हिंग आहे हे डोळ्यांना दिसतंय, म्हणून मनच वास आणून देत असेल. डोळे मिटून डबी उघडली, पण हाताला तर माहीत होतं ना हिंग आहे ते. सर्दीचं औषध घेतलं. नाक मोकळं झालं, तरी मन मोकळं होईना. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, भावाला झालं म्हणून बहिणीला होईलच असं नाही, बहुतेकांना होत नाही. मी म्हणाले, बरं. फोन ठेवला आणि पुन्हा डबी उघडली. रात्री झोप नाही, सकाळी उठल्यावर पहिलं ते नाक. तू जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता आणि मी तुझ्यासाठी रडायचं सोडून हिंग हुंगत बसले होते. ह्याचीही लाज वाटायची.

काल रविवार होता. वैशालीचा फोन आला. तुझी लेक आता बिडकीनच्या कारखान्यात हिशेब बघते, माणसांवर हुकूम चालवते, पण फोनवर तिचा आवाज पोत्यावरच्या पोरीचा झाला होता. "आत्या, घरात बसवत नाही गं. अण्णांच्या उतारावर जाऊ या का? मी गाडी घेऊन येते." मला जायचं नव्हतं. म्हणजे जायचं होतं, आणि तिथं काय कळेल ह्याची भीती होती. मी हो म्हणाले.

सीताफळं उतरवून झाली होती. झाडं विरळ दिसत होती. वैशाली पूर्वी कधी आपल्याबरोबर आली नव्हती. तिला किड्यांची किळस, लहानपणी काडेपेटी उघडली की पळून जायची. काल मात्र खोडाखोडाशी वाकून बघत होती. आणि तिलाच आधी दिसला. "आत्या, ही साल चालतेय बघ."

मी म्हणाले, "थांब. मला दाखवू नकोस. मी डोळे मिटते. एकदा पान धर, एकदा तो धर, पाहिजे तसं उलटसुलट. मी सांगते कोण आहे ते."

"हे काय?"

"आमचा खेळ आहे. धर तर."

मी डोळे मिटले. काहीतरी नाकाशी आलं. हिरवट, ओलसर, साधं. "पान," मी म्हणाले. पुन्हा काहीतरी आलं. पुन्हा पान. मग थोडा वेळ गेला, आणि एकदम तो भपकारा. कुजका, कडू, डोक्यात जाणारा. आठवणीतला नव्हे, अण्णा. आठवण अशी घशापर्यंत उतरत नाही.

"बैरागी!" मी ओरडले. डोळे उघडले. तिच्या तळहातावर तो बसला होता, राख फासून. मला रडू आणि हसू एकदमच आलं. माझं नाक जाग्यावर होतं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला, आणि मग कुठं मला तुझी खरी आठवण आली, नुसती तुझी, भीती वगळून. तू हवा होतास. तुझ्यापुढं मी तो हात नाचवला असता.

"कसं ओळखलंस गं?" वैशाली म्हणाली.

"वासावरून की! केवढा येतोय."

तिनं तळहात नाकाशी नेला. एकदा हुंगला. पुन्हा हुंगला. अण्णा, अगदी तुझ्यासारखा.

"ह्याला वास असतो?" ती म्हणाली. "मी तर मघापासून धरून बसलेय. मला काहीच नाही."

वर टेकडीवर कुणी तरी कुणाला हाका मारत होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. नाक लालसर होतं, पण इतके दिवस आम्हा सगळ्यांचंच आहे.

"सर्दी असेल," ती म्हणाली. "परवापासून चोंदलंच आहे जरा. का गं? अशी काय बघतेस?"

मला तू दिसलास. त्या दिवशी ह्याच झाडाखाली, बोटावर बैरागी घेऊन उभा, आणि समोर मी, साध्या उशिरानं सुद्धा घाबरणारी तुझी बहीण. तुला केव्हा कळलं ते मला माहीत नाही, आता कळणारही नाही. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून तू मला काय सांगत होतास, ते मला काल कळलं. कारण माझ्याही तोंडून तेच आलं, विचार करायच्या आधी.

"ह्याला वास नसतोच गं," मी म्हणाले. "बैरागी आहे तो. अण्णा म्हणायचे तेच खरं."

"मग तू ओळखलंस कसं?"

"अंदाजानं. दोनदा पान झालं होतं ना."

ती हसली. "म्हणजे शेवटी मान्य केलंस! अण्णा असते तर गावभर सांगितलं असतं." तिनं बैराग्याला खोडावर सोडलं. तो दोन पावलं चालला आणि सालीत दिसेनासा झाला.

सर्दीच असेल. उतरू दे आधी. मग मी देवगावला जाईन, कोथिंबिरीची जुडी घेऊन, सहज म्हणून. तिनं ओळखली तर हसून परत येईन. नाही ओळखली तर माझ्याच नाकाचं निमित्त करून तिला सोबत म्हणून डॉक्टरांकडे नेईन. तोवर कुणाला काही बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी पाल गप्प बसणार आहे, अण्णा, आणि हे किती अवघड आहे ते मला आता समजतंय. तू इतकी वर्षं हे हसत हसत कसं केलंस?

येताना मी गाडीवर तिच्या मागं बसले होते. तिचे हात हँडलवर, वारा समोरून. शहर येईपर्यंत तिच्या तळहाताचा तो वास सारखा माझ्या तोंडावर येत होता, आणि ती मान किंचित वळवून विचारत होती, "आत्या, गप्प का बसलीस?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "वारा लागतोय."